आईच्या जात्याची पाटी

आमच्या संग्रहालयाच्या दारात 'वस्तूंना हात लावू नये' अशी पाटी होती आणि ती माझ्या अक्षरातली होती. लाल रंगात, ठसठशीत. सगळी नोकरी फळ्यापुढं गेलेली, त्यामुळं अक्षराची मला भारी घमेंड. खरं सांगायचं तर हात लावायला तिथं येत होतं कोण? एसटी स्टँडला लागून आमच्या दोन खोल्या आणि पुढं लांबलचक ओसरी. सोनपेठची गाडी चुकली की माणसं ओसरीवर टेकायची. कुणी आत डोकावून विचारायचं, "बाई, पाणी हाय का प्यायला?" कुणी मोबाईल चार्जिंगला लावून जायचं. एक बाबा तर दुपारी पंख्याखाली येऊन बिनघोर झोपायचा आणि उठल्यावर मला म्हणायचा, "लय चांगलं काम केलंत बगा तुमी." काम कसलं, कपाळ! पण प्रेक्षक म्हणून मी त्यालाच धरायची, कारण दुसरं कुणी नसायचं.

ह्या भानगडीत मला ओढलं ते गुरुजींनी. माझ्याच शाळेचे जुने मुख्याध्यापक, आता संग्रहालयाचे अध्यक्ष. मी निवृत्त होऊन घरी बसले आणि घरातल्यांना बेजार करायला लागले, तेव्हा आमच्या ह्यांनीच त्यांना गळ घातली असावी असा मला अजून संशय आहे. गुरुजी माणूस सोन्यासारखा, पण शिस्तीचा आणि अचूकपणाचा लय सोस. वस्तूंवरच्या पाट्या त्यांनी केलेल्या. 'तलवार. उपयोग : लढाईसाठी.' 'समई. उपयोग : उजेडासाठी.' 'जाते. उपयोग : दळण्यासाठी.' मी एकदा म्हटलं, "गुरुजी, हे शेंबड्या पोरालाही कळतं हो." तर म्हणाले, "बाई, माहिती अचूक पाहिजे." अचूक होतीच की! वाचणारा जांभई देऊन पुढं जायचा, एवढंच.

मग गुरुजींनी एक दिवस भोंगा लावून रिक्षा फिरवली. 'घरातील जुन्या वस्तू संग्रहालयाला द्या, आपला वारसा जपा.' गावाला एवढंच हवं होतं. घरं स्लॅबची झालेली, गिरणी कोपऱ्यावर, मिक्सर ओट्यावर. जातं म्हणजे येता-जाता पायाला ठेचकाळणारा धोंडा. बायकांनी नवऱ्यांना जुंपलं आणि जाती यायला लागली. बैलगाडीतनं आली, मोटारसायकलवर आली, हातगाड्यावर आली. एकानं तर ओसरीवर धाडकन टाकून पोबारा केला, नाव सांगायलाही थांबला नाही. मी ओरडतेय, "अहो, भांडी द्या, जुने फोटो द्या, कपडे द्या!" कुणी ऐकलं तर शपथ. वारसा वारसा करता ओसरीची खडी फोडायची जागा होऊन बसली. पंख्याखाली झोपणारा बाबा दोनदा अडखळून पडला आणि येईनासा झाला, म्हणजे होता तो एक प्रेक्षकही गेला.

त्यात मी दाताच्या डॉक्टरकडं परभणीला गेले आणि गुरुजींना मोकळं रान मिळालं. परत आले तर ओसरी चकाचक. जात्यांच्या वरच्या तळ्या, म्हणजे वरचे दगड, एका रांगेत, खालच्या तळ्या दुसऱ्या रांगेत, शाळेतल्या कवायतीसारख्या. गुरुजी हात मागं बांधून उभे. "कसं दिसायलंय, बाई?"

"दिसायला छानच दिसायलंय," मी म्हटलं. "पण कुठल्या वरच्याचं खालचं कुठलं?"

गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. जात्याच्या दोन तळ्या वर्षानुवर्षं एकमेकींवर फिरून एकमेकींपुरत्याच झिजलेल्या असतात. एकीची वरची दुसरीच्या खालचीवर ठेवली की डगडगते, नाहीतर जागची हलतच नाही. गुरुजींच्या घरी आईनं दळलं, बायकोनं दळलं, गुरुजींनी नुसत्या भाकरी खाल्ल्या. त्यांना हे कुठनं ठाऊक असणार? मी तेवढं बोलून दाखवलं. ते चहा प्यायला म्हणून गेले ते दुसऱ्या दिवशीच आले.

ह्या कवायतीतनं एकच जातं वाचलं होतं. आतल्या खोलीत समईशेजारी ठेवलेलं. ते माझ्या आईचं.

आमची वस्ती ह्याच गावच्या वेशीबाहेर. आई दिवसा दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायची आणि पहाटे स्वतःच्या घरची ज्वारी दळायची. गळा गोड, आणि ओव्या स्वतःच्या मनानं जुळवायची. आम्ही धम्मदीक्षा घेतली तसे तिच्या ओव्यांतले देव गेले, पण माणसं राहिली. आमच्या घरावरनं नदीला वाट होती. वेशीतल्या बायका त्या वाटेनं पहाटे पाण्याला जायच्या. त्यांच्यावर आईनं एक ओवी केली होती, ती अजून माझ्या कानात आहे :

माझ्या जात्याच्या पिठाला शेजी लावीना गं हात,
माझी ओवी ऐकायाला कान तिचा भिंतीआत.

आई म्हणायची, "आपल्या जात्याचं पीठ वेशीतनं आत कधी गेलं न्हाई, बाई. गाणं तेवढं गेलं." लहानपणी ती ओवी मला गमतीची वाटायची. शिकले, मोठी झाले, तसा तिचा राग यायला लागला. आईला मात्र ती म्हणताना चिडलेली मी कधी बघितली नाही. तिच्या वाट्याचा सगळा संताप बहुतेक तिनं मला देऊन टाकला, म्हणून मी ही अशी.

भावानं नवं घर बांधलं तेव्हा भावजय हे जातं न्हाणीपुढं पायरीला बसवणार होती. मी कावले, म्हणजे अशी कावले की तिनं स्वतःच उचलू लागून ते रिक्षात ठेवलं. संग्रहालयात आलं तेव्हा त्यालाही गुरुजींची पाटी लागली. 'जाते. उपयोग : दळण्यासाठी.' ते आईचं आहे हे गुरुजींना ठाऊक होतं. बाकी कुणी विचारलं नाही, मीही सांगत बसले नाही.

आणि मग लग्नसराई आली.

आमच्याकडं लग्नाची हळद जात्यावर दळायची असते. बाकी सगळं बदललं, मंडपाच्या जागी मंगल कार्यालय आलं, वाजंत्र्यांच्या जागी डीजे आला, पण हळद मिक्सरमधली चालत नाही. पाच सवाष्णींनी मिळून जात्याच्या खुंट्याला हात लावायचा, गाणी म्हणायची, हळकुंडं दळायची. आता गंमत बघा. अख्ख्या गावानं जाती आम्हाला देऊन टाकलेली आणि लग्नं दारात!

पहिल्या आल्या त्या किराणा दुकानाच्या वहिनी. त्यांच्या लेकीचं लग्न होतं. ओसरीवर उभ्या राहून दगडांच्या रांगांकडं बघत म्हणाल्या, "बाई, आमचं जातं द्या की दोन दिसापुरतं."

"दिलेली वस्तू परत मिळत नसते, वहिनी. संग्रहालय आहे हे."

"दिलं म्हंजी काय कायमचं दिलं व्हय? घरात जागा नव्हती म्हून ठेवाया दिल्तं!"

मी कपाळाला हात लावला. तरी म्हटलं, बघा, ओळखत असलात तर न्या. त्यांनी एक वरची तळी उचलली, एक खालची शोधली, दोघी मिळून फिरवायला गेलो तर दगड दगडाला चावायला लागला. दुसरी लावली, ती भोवऱ्यासारखी डुलली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता गं माय! हळद कशावर दळू मी? पाव्हणे काय म्हणतील?" तेवढ्यात त्यांची नजर आतल्या खोलीत गेली. माझ्या लाल पाटीकडं ढुंकूनही न बघता त्या आत गेल्या आणि आईच्या जात्याचा खुंटा धरून एक फेरा दिला. घर्रर्र करून जातं असं फिरलं, की माझ्या अंगावर काटा आला. आई गेल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

"ह्ये बगा!" वहिनी एकदम खुलल्या. "कसं हलकं फिरायलंय! चांगल्या मोठ्या घरचं असंल, नाही का बाई?"

मी, जिचं तोंड शाळेत शिपायापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत कुणापुढं बंद राहिलं नाही, ती मी नुसती "न्या" म्हणाले.

जातं परत आलं ते खुंट्याला दोरा, दोऱ्यात आंब्याचं पान, वरच्या तळीवर कुंकवाची बोटं आणि फटीफटीत हळद घेऊन. बरोबर बुंदीच्या लाडवांचा डबा. आमच्यात जातं पुजायची रीत नाही. मी पान सोडलं, कुंकू पुसलं, ब्रशनं हळद खरवडली आणि लाडू गुरुजींबरोबर खाल्ले. हसूही येत होतं आणि आतून काहीतरी टोचतही होतं. आईच्या जात्याची हळद वेशीच्या आत एका नवरीच्या अंगाला लागली होती आणि हे त्या गावात फक्त मला आणि गुरुजींना ठाऊक होतं.

बातमी फुटायला कितीसा वेळ? त्या सराईत लोकांनी आम्हाला सळो की पळो केलं. "संग्रहालयातलं चालू जातं" म्हणून ते प्रसिद्ध झालं. आज ह्या गल्लीला, उद्या त्या गल्लीला. कधी कधी एकाच दिवशी दोन लग्नं आणि ओसरीवर दोन वरमायांची जुंपलेली. शेवटी मीच गुरुजींना म्हटलं, "तुम्ही ज्यांची ताटातूट केलीत त्यांच्या जोड्या आता तुम्हीच जुळवा."

गुरुजींनी पुन्हा रिक्षा फिरवली. 'आठवडी बाजारादिवशी येऊन आपापले जाते ओळखा.' तो बाजार मी विसरायची नाही! बायका भाजीच्या पिशव्या ओसरीच्या कडेला ठेवून दगडांवर वाकलेल्या. कुणी बोटांनी कंगोरे चाचपतंय, कुणी खुंट्याचं भोक बघतंय, कुणी वरची तळी धरून खालच्या रांगेत स्थळ बघत फिरतंय. "ही न्हाई जुळायली, फुडची बगा." "अगं, उंच हाय ती ह्याला!" "पत्रिका बगितली का?" हसून हसून पोटं दुखली. एखादी जोडी जुळून घर्रर्र आवाज आला की सगळ्याजणी टाळ्या पिटायच्या. गुरुजी प्रत्येक जुळलेल्या जोडीवर खडूनं खूण करत होते आणि घाम पुसत होते.

आणि दगड हाताला लागला, की बायका बोलायला लागल्या. तेच तर आम्हाला इतके दिवस मिळत नव्हतं. एक म्हणाली, ह्या जात्यावर आम्ही नणंदा-भावजया दळायला बसलो की भांडायचो, एकदा तिनं खुंटाच उपटून फेकला. दुसरी म्हणाली, दुष्काळात रेशनवरची लाल मिलो ज्वारी दळली ह्याच्यावर, भाकरी घशाखाली उतरत नव्हती. तिसरीनं तर कमाल केली. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी तिच्या आजेसासूनं ह्या जात्याखाली जमिनीत दागिने पुरले होते, पुढं खणलं तर एक मणी सापडला नाही, आणि संशय आजेसासूच्या दिरावर! मी गुरुजींकडं बघितलं, गुरुजींनी माझ्याकडं. त्यांनाही उमगलं असावं. म्हणाले, "बाई, आपल्या पाट्या अचूक आहेत, पण त्यांच्यात काहीच नाही." एवढं त्यांनी कबूल केलं, म्हणजे मोठीच गोष्ट.

नव्या पाट्या मी लिहिल्या. वस्तू कुणाची, कोण वापरायचं, त्या माणसाचं त्याबद्दल काय म्हणणं, तेही त्यांच्याच बोलीत. दागिन्यांची पाटी लागली आणि चौथ्या का पाचव्या दिवशी त्या दिराचा नातू तणतणत आला. "आमच्या आज्याची अब्रू काढायलाव व्हय? खोडा आदी ते!" मी खोडायला साफ नकार दिला. आवाज चढले, एसटीची माणसं दारात गोळा झाली. शेवटी गुरुजींनी तोड काढली. पाटीच्या खाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'दिराच्या नातवाचे म्हणणे : दागिने मुळात नव्हतेच.' नातू ते वाचून शांत झाला आणि पुढच्या आठवड्यात आज्याची पगडीच घेऊन आला संग्रहालयाला. तेव्हापासून आमचा नियमच झाला. पाटी कुणाला पटली नाही, तर खोडायची नाही, त्यानं आपलं म्हणणं खाली लिहून घ्यायचं.

मग काय, लोक वाचायला येऊ लागले. कुणाबद्दल काय लिहिलंय हे बघायला माणूस मैलभर चालत येतो. शाळांच्या सहली येऊ लागल्या. ज्या शाळांना येणं जमत नाही तिथं आम्हीच जायचो. एकदा पालमच्या बाजूच्या शाळेत जातं घेऊन एसटीनं निघालो तर कंडक्टर म्हणाला, "बाई, धोंड्याचं तिकीट कसं काढू? फुल का हाफ?" मी म्हटलं, वयानं ज्येष्ठ नागरिक आहे, सवलत द्या. गाडीभर लोक हसले. चुडाव्याच्या शाळेतल्या पोरींनी तर ज्वारी दळायला एवढी रांग लावली, की पीठ कुणी न्यायचं ह्यावरनं मारामारी व्हायची वेळ आली. तिथनं आल्यावर मी दारातली लाल पाटी काढली आणि 'हात धुऊन हात लावा' अशी नवी लावली. जुनी काढताना मात्र ती हातात धरून मी उगीच उभी राहिले. आईची ती ओवी ज्या पोरीच्या कानात, तिनंच 'हात लावू नये' म्हणून लिहावं! इतके दिवस कसं सुचलं नाही कोण जाणे. मी ती पाटी चुलीत घातली.

सगळ्या पाट्या झाल्या. गुरुजी दोन्ही खोल्यांतून फिरले आणि आईच्या जात्यापुढं थांबले. त्याला अजून जुनीच पाटी. 'उपयोग : दळण्यासाठी.'

"तुमची राहिली, बाई," एवढंच म्हणाले.

"लिहिते," मी म्हटलं आणि लिहिली नाही.

कारण मला भीती वाटत होती. सरळ सांगते. बाकीची जाती जुळून लग्नापुरती घरोघर जाऊ लागली तरी आईच्या जात्याची मागणी काही थांबली नव्हती. हलकं फिरतं, शकुनाचं आहे, असं काहीबाही लोकांनी ठरवून टाकलं होतं. त्यावर तिचं नाव, वस्तीचं नाव, ती ओवी लिहिली की पुढं काय? कुणी तोंडावर 'नको' म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथं त्याची उतरवली असती. पण आजकाल तसं कुणी म्हणत नाही. गोड बोलतात. 'ह्या बारीला मिक्सरमधनंच काढायलो बाई, येळ कुणाला हाय,' असं म्हणून हसत निघून जातात. शिवी परवडली, पण तसलं गोड बोलणं माझ्यानं सोसवत नाही. एकदा तसं झालं असतं, तर ज्या बायका बाजारादिवशी माझ्याबरोबर हसून लोळल्या त्यांच्याकडं मला पुन्हा पूर्वीसारखं बघता आलं नसतं. आईचं जातं परत एकदा वेशीबाहेर काढलेलं मला बघायचं नव्हतं. आणि न लिहावं तर? तर जातं मोठ्या घरचं म्हणूनच फिरणार. आईचं जातं, आणि मान भलत्याच कुणाच्या घराला! ह्या विचारानं तर माझं डोकंच फिरायचं.

अशात किराणा दुकानाच्या वहिनी पुन्हा आल्या. आता मुलाचं लग्न. "बुधवारी सकाळी नेते बाई जातं. ह्या टायमाला आमच्या आत्याबाई बी येणार हाईत. स्वतः बगून घेणार म्हनतेत." आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासू. वेशीच्या आतलं सगळ्यात कडक माणूस. घरात कुणी शिंकलं तरी त्यांना विचारून शिंकायचं, अशी ख्याती. वहिनी गेल्या आणि मी तशीच बसून राहिले. गुरुजी पेपर वाचत होते. पेपराआडून म्हणाले, "नंतर लिहा हवं तर. लग्न होऊन जाऊ द्या."

झालं! त्या एका वाक्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का? नंतर का? माझ्या आईनं काय चोरी केलीय?" गुरुजी पेपर खाली करून नुसतं हसले. मला खात्री आहे, त्यांनी मुद्दामच मला डिवचलं होतं. मी त्याच तावात पाटी घेतली आणि लिहायला बसले. आईचं पूर्ण नाव. वेशीबाहेरची वस्ती. दिवसा मजुरी, पहाटे दळण. 'ह्या जात्याचं पीठ वेशीतून आत कधी गेलं नाही, गाणं गेलं, असं ती म्हणायची.' आणि खाली ओवी. पाटी लावली आणि तशीच घरी निघाले.

बुधवारी मी लवकरच जाऊन बसले. गुरुजी आधीच येऊन समई पुसत होते, दोनदा पुसलेली. रिक्षा थांबली. वहिनी उतरल्या, मागनं आत्याबाई. वाकलेल्या, हातात काठी, डोईवर पदर. मी म्हटलं, "या मावशी." त्यांनी मान हलवली आणि थेट जात्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. खुंट्याला हात घालणार तेवढ्यात पाटी दिसली.

"ह्ये काय लिवलंय?" त्यांनी सुनेला विचारलं. "वाच."

वहिनी वाचायला लागल्या. आईचं नाव वाचलं, वस्तीचं नाव वाचलं आणि त्यांचा आवाज बारीक झाला. माझ्याकडं एकदा बघितलं. 'मोठ्या घरचं असंल' हे त्यांनाही आठवलं असणार. मी नजर हटवली नाही. वहिनींनी पुढचं वाचलं, पीठ आत गेलं नाही ते, मग ओवी. गुरुजींचा समई पुसायचा हात थांबला होता.

"परत वाच," म्हातारी म्हणाली. "ती वोवी."

वहिनींनी परत वाचली. 'माझी ओवी ऐकायाला कान तिचा भिंतीआत.'

"खोटं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

माझं डोकं सणकलं. मी खुर्चीवरनं उठलेच. "काय खोटं आहे, मावशी? माझ्या आईची ओवी आहे ती."

"तुज्या आईचीच हाय, मला काय म्हाईत न्हाई व्हय?" त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "पर भित कुठली आली तुमाला तवा? कुड व्हता तुमचा, पळाट्यांचा. आरपार दिसायचं सगळं. कान लावायचं काय काम? मी बगायची तिला दळताना."

कापसाच्या वाळल्या काड्यांचा, पळाट्यांचा तो कुड मलाही आठवला. उन्हाळ्यात त्यातनं वारं यायचं, आणि पावसाळ्याआधी आई त्याला शेणामातीनं लिंपायची. भिंत आमच्या घराला पुढं कितीतरी वर्षांनी आली.

"नवी नवरी व्हते मी," म्हातारी सांगू लागली, जातंच ऐकतंय असं त्याच्याकडं बघत. "पाण्याला जायची तशी थांबायची कुडापशी. घागर कमरेवर तशीच. सासू वरडायची, एवढा येळ का म्हून. काय सांगू तिला?"

"मग..." मी त्यांच्याजवळ सरकले. "मग आईलाही तुम्ही दिसत असाल की."

"दिसायची की!" म्हातारीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं, दात नव्हते, तरी लहान पोरीसारखं. "म्हून तर मोठ्यानं म्हणायची."

मी आतल्या खोलीच्या चौकटीला धरून उभी राहिले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. जन्मभर मी ती ओवी टोमण्याची समजत आले आणि आईच्या वाट्याचा राग करत राहिले. आईनं ती कुडापलीकडच्या एका पोरीला ऐकू जावी म्हणून मुद्दाम आवाज चढवून म्हटली होती.

"रडायलीस काय मास्तरणी?" आत्याबाई खेकसल्या. "येळ टळायलाय. उचला ते." मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "आन् ती पाटी बी घे संगं. पाव्हण्या इचारतील कुणाचं जातं म्हून. मला कुठं येतंय वाचाया."

वहिनी पाटी काढायला लागल्या तसे गुरुजी पुढं झाले. "थांबा. आमचा नियम आहे." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी डोळे पुसून, ओवीखाली बारीक अक्षरात लिहिलं : 'ऐकणारीचे म्हणणे : भिंत नव्हती, कुड होता. आणि दळणारी मोठ्याने म्हणायची.'

जातं रिक्षात ठेवलं. शेजारी आत्याबाई पाटी मांडीवर घेऊन बसल्या, अक्षरं बाहेरून दिसतील अशी धरून. मला म्हणाल्या, "तू बी चल. ती वोवी मला सगळी येत न्हाई आता." मी चप्पल घातली आणि त्यांच्याशेजारी बसले. रिक्षा वेशीतनं आत शिरली.